नंदीच्या पुढून

सोमवार, ५ जानेवारी

आजही शून्य!

रोज संध्याकाळी आपली आपण चालणाऱ्या ट्रॉलीच्या नोंदी उतरवून घेते. पुढे माणूस आल्यामुळे थांबली – शून्य वेळा. कुणाला धक्का – शून्य. आज अठ्ठेचाळीस दिवस झाले. कामाचे साठ दिवस भरले की तपासणीच्या कागदावर सही करायची. त्यानंतर ट्रॉली कारखान्याच्या शॉपमध्ये एकटी फिरणार. सध्या तिच्या शेजारून अप्पाराव चालतात, हातात लाल बटण घेऊन. काही विपरीत वाटलं की दाबायचं. अजून एकदाही दाबलेलं नाही.

जोडणीच्या लाइनवरच्या बायका त्यांना नंदीबैलवाले म्हणतात. ट्रॉली लाइनजवळ आली की कुणीतरी विचारतंच, "नंदी, आज ओव्हरटाइम हाय का?" तिचा पिवळा दिवा लुकलुकतो. "बघ, मान हालवली. थांबा आता आठपर्यंत." अप्पाराव हसत नाहीत. मिशीत हसतात.

मला मात्र ती अजून नवलाची वाटते. पेट्या भरल्या की चारशे किलोंची. तरी माणूस लांबून दिसला की चाल मंद करते, जवळ आला की जागच्या जागी उभी राहते. पुढच्या बाजूला घोट्याच्या उंचीवर तिचा एक डोळा आहे, तेवढ्यावर. एवढं वजन असून एवढी अदब! माणसांत कमीच पाहिली.

सही माझी असणार, ट्रॉली बनवणाऱ्या कंपनीकडून. नोकरीतली पहिली.

बुधवार, ७ जानेवारी

रॅकजवळच्या वळणावर ट्रॉली उगीच अडत नाही ना, ते पुन्हा पाहिलं. नाही अडत. नोंदी सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात ती लोखंडी रॅकलाच माणूस समजून थांबायची, म्हणून तिथली तिची डाव्या बाजूची नजर मी आखूड करून ठेवली होती. आता झोकात वळते.

शुक्रवार, ९ जानेवारी

कुरिअरवाला दारात उभा आणि अब्बा त्याची पावती वाचतायत. वरून खालपर्यंत. मग चष्मा पुसून पुन्हा. तो बिचारा म्हणाला, चाचा, सेलफोनचं कव्हर आहे, जमिनीचं खरेदीखत नाही. अब्बांनी वाचून संपवलं आणि मग सही केली. गॅसच्या टाकीलाही हेच. अम्मी म्हणते, सदफ तुमच्यावर गेली, दोघांना एक साधी सही करायला अर्धा दिवस लागतो.

गेलेच आहे. मी पाच वर्षांची होते तेव्हा वाळूजच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दीड वर्ष घरी होते. तीच माझी पहिली शाळा. अक्षरं त्यांनी शिकवली ती बिस्किटाच्या पुड्यावरून आणि पंख्याच्या डब्यावरून. अंक त्यांच्या हातांवर. पुढे खऱ्या शाळेत बाईंनी बोटं मोजायला सांगितली तर मी आठावर थांबले. माझ्या हातांना दोन जास्त आहेत असं मला वाटलं होतं! वर्ग हसला. घरी येऊन सांगितलं, अब्बा हसले नाहीत.

त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ती खाली यायला नको, म्हणजे हात आत असूच शकत नाही. त्या दिवशी एक बटण आतल्या आत अडकलेलं होतं. सकाळी तपासलं असतं तर कळलं असतं. पण तपासणीच्या कागदावर "ठीक" लिहून कुणीतरी सही केली होती. कोण, म्हणून मी लहानपणी कितीदा विचारलं. अब्बा एवढंच म्हणत, "था एक जल्दीवाला."

त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. माफही केलं नाही. हे काम मी त्याच्यावरच्या रागातून घेतलं, हे कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहिते.

बुधवार, १४ जानेवारी

सत्यभामा मावशींनी तिळगूळ दिला. लाइनवरच्या सगळ्यांत जुन्या त्या, गंगापूरहून जीपने येतात. एक वडी ट्रॉलीवरही ठेवली. अप्पारावांनी ती उचलून खाल्ली. बायका म्हणाल्या, नंदीबैलवाल्यानं नंदीचा घास खाल्ला.

सोमवार, १९ जानेवारी

साठ.

शिवराज सर स्वतः कागद घेऊन आले. शॉप त्यांच्या हाताखाली आहे. पाचोडकडच्या नव्या कामगार पोरींची तुकडी सत्तावीसला येतेय, त्याआधी हे उरकायचंय. अप्पारावांनाही घाई आहे, त्यांचे गुडघे दुखतात. सही झाली की त्यांना स्टोअरमध्ये बसून काम मिळणार. सगळे माझ्या पेनाकडे बघत होते.

नाही झाली सही. कारण सांगता येईना. सरांना म्हटलं, उद्या. ते म्हणाले, "साठ दिवसांत एक ओरखडा नाही, अजून काय पाहिजे तुम्हाला?"

तेच तर. ओरखडा नाही. चिकलठाण्याला आमची अशीच ट्रॉली आहे, ती दिवसातून चाळीस वेळा थांबते. कुणी फोनवर बोलत पुढे येतं, कुणी चहा घेऊन. माणसं अशीच असतात. इथं साठ दिवसांत एकही माणूस तिच्या पुढे आला नाही? एकही?

मंगळवार, २० जानेवारी

दिवसभर शॉपमध्ये उभी राहिले. काही न करता, नुसती बघत.

ट्रॉली चार्जिंगच्या जागी उभी होती. सत्यभामा मावशींना समोरच्या टेबलावर सुट्या भागांचा बिन न्यायचा होता. सरळ गेल्या असत्या तर सहा पावलं. त्या मागून गेल्या, रॅकला वळसा घालून. मी मोजली – एकतीस पावलं. त्यांच्यामागून दुसरी. ती पण वळसा घालून. दुपारी ट्रॉली फिरायला लागली तर सगळ्या जागच्या जागी थांबून तिला पुढे जाऊ देतात, मग तिच्या पाठीमागून ओलांडतात. मोबाइलमध्ये डोकं घातलेली पोरंसुद्धा. शिवराज सरसुद्धा! त्यांना तर पत्ताच नव्हता आपण काय करतोय त्याचा.

जेवणाच्या सुट्टीत मावशींना विचारलं.

"आता नंदीच्या पुढून कसं जायचं?" त्या म्हणाल्या. जसं काही मी विचारलं होतं की चपला घालून देवळात का जात नाही.

मग त्यांनी हात केला. ट्रॉली चार्जिंगला उभी राहते त्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवर महादेवाचा फोटो आहे, कंपनीच्या देव्हाऱ्यातला. मी रोज बघते आणि मला दिसलंच नव्हतं! महादेव तिथं, त्याच्याकडे तोंड करून हा इथं. देव आणि नंदी यांच्या मधून जात नाहीत. हे मला माहीत नव्हतं. पण कळायला वेळ लागला नाही – आमच्यात नमाज पढणाऱ्याच्या पुढून जात नाहीत, थांबतात किंवा मागून वळसा घालतात. अम्मीनं मला चालायला शिकवताना बहुधा हेच आधी शिकवलं असेल.

म्हटलं, पण ती फिरत असते तेव्हा कुठे देवासमोर असते? मावशींनी डबा झाकला, इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पोरी, नाव म्याच ठिवलं. मुद्दाम. तुम्ही दिवस मोजायच्या आदी एका पोरीच्या पायाशी आलं हे, लई दचकली. तुमची पिवळी पट्टी मारलीय खाली, तिला कोण इचारतं? म्हणलं, ह्याला नंदी म्हणू. नंदी म्हणलं की पोरी आपसूक मागून जात्यात. बसलं का न्हाय?"

बसलं. साठ दिवस बसलं! आम्ही पट्टी, पाट्या, प्रशिक्षणाचे तीन तास, एवढं सगळं केलं. मावशींनी एक शब्द केला.

मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते. आणि त्याच क्षणी लक्षात आलं. म्हणजे आमच्या नोंदवहीतलं शून्य ट्रॉलीचं नाही. ते यांचं आहे. ट्रॉलीनं साठ दिवसांत कुणालाच सांभाळलेलं नाही – तशी वेळच तिच्यावर आली नाही. आणि पाचोडहून येणाऱ्या पोरींना ती नंदी आहे हे कोण सांगणार? त्या सरळ पुढून जातील.

बुधवार, २१ जानेवारी

सकाळी माझ्या वरिष्ठ सुलेखा मॅडमना जाऊन सांगितलं. साठ दिवसांचं रेकॉर्ड माझ्याच हातचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच बोलल्या: मावशींचं नाव कागदावर यायला पाहिजे.

या बाई मला कधी पूर्ण कळणार नाहीत. नव्या कारखान्यात गेल्या की आधी यंत्राकडे जातच नाहीत. इथं दमल्यावर कोण कुठं टेकतं, बांगडी कुठं अडकते, पाणी प्यायला कोण कुठून जातं, ते विचारत फिरतात. चाळीशीच्या पुढच्या, पण फरशीवर मांडी घालून बसतात आणि तिथून शॉप कसं दिसतं ते बघतात. मी तीन वर्षं शिकून आले त्यात हे कुठेच नव्हतं.

त्या माझ्याबरोबर शॉपमध्ये आल्या, कागद टेबलावर ठेवला आणि सगळ्यांसमोर त्यावर आडवी रेघ मारून लिहिलं: बाद. खाली स्वतःची सही. शिवराज सरांचा चेहरा उतरला. मॅडम त्यांना म्हणाल्या, "साठ दिवस माणसांनी यंत्राला सांभाळलंय, सर. मला उलटं बघायचंय."

गुरुवार, २२ जानेवारी

कुणीच पुढून जायला तयार नाही! समजावून पाहिलं, विनवून पाहिलं. एक पोरगी दोन पावलं गेली आणि कान धरून परत आली. शेवटी मावशी उठल्या. ओलं फडकं घेतलं आणि ट्रॉलीच्या कपाळावर कुणीतरी लावलेलं कुंकू पुसलं. फोटोपुढं हात जोडले. काय पुटपुटल्या ते जवळ होते म्हणून ऐकू आलं – "देवा, तुमचा नंदी तुमच्यापाशी. हे आमचं कंपनीचं टोणगं."

मग सगळ्यांकडे वळून: "टोणग्याला कोण वाट देतं गं?"

हशा. पण पहिल्यांदा माणूस नाही, असं मॅडमनी बजावलं. पहिल्यांदा बाहुलं.

रविवार, २५ जानेवारी

आजचं लिहावंसं वाटत नाही. पण लिहायचं.

आज सुट्टी, शॉप रिकामं. मॅडम, शिवराज सर, अप्पाराव आणि मी होतो, तरी मावशी आणि अजून तिघी आल्या. त्यांनीच बाहुलं केलं – पोत्यात भुसा, वर निळा ॲप्रन, डोक्याला रुमाल. उभं नाही, उकिडवं बसलेलं. एकीच्या सासूसारखं दिसतं म्हणून नाव ठेवलं भागूबाई. "हिला कितीबी धक्के द्या, हटायची न्हाय."

समोरून – थांबली. उजवीकडून – थांबली. पेट्या भरून, फरशी ओली करून – थांबली. दरवेळी दोन हात अलीकडे. मला तर तिच्याबद्दल पुन्हा तेच वाटायला लागलं, अदब. मग मावशी म्हणाल्या, "रॅकपाशी ठिवा. वॉशर सांडत्यात तिथं. आम्ही तिथंच बसून येचतो."

रॅकचं वळण. तिथं आम्ही कधी तपासलंच नव्हतं, कारण रॅकच्या वरच्या फळ्या पुढे आल्यामुळे तिथं उभं राहायला जागा नाही. उभं राहायला नाही. बसायला आहे.

ट्रॉली आली, झोकात वळली आणि भागूबाईला घेऊन रॅकपर्यंत गेली. आवाज फार झाला नाही. पोतं दाबल्याचा होतो तेवढाच. अप्पारावांनी बटण दाबलं, साठ दिवसांत पहिल्यांदा. उशीर झाला होता.

रुमाल चाकाखाली होता. मग एक पोरगी हळूच म्हणाली, शुक्रवारी मी तिथंच बसले होते.

मला सगळं आठवत होतं, तरी जुनी वही काढून पाहिली. माझंच अक्षर. "रॅकजवळ डावीकडची नजर आखूड केली – तात्पुरतं." तात्पुरतं! तारीख नाही, पुढे काही नाही. अडीच महिने ती तिथं आंधळी होती, मी केली म्हणून. आणि सोमवारी मी सही करत होते.

मॅडमसमोर वही ठेवली. वाटलं, आता घरी पाठवतील. त्यांनी ते पान वाचलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं त्यांची सही होती. मी दाखवायला नेलं होतं, त्यांनी मंजूर केलं होतं. त्या विसरल्या होत्या. मीही.

"दोघींचं आहे हे," त्या म्हणाल्या. "यापुढे तात्पुरतं लिहिलं की शेजारी कधीपर्यंत ते लिहायचं. तारीख नसेल तर ते तात्पुरतं नसतं, सदफ."

शिवराज सर तोवर रॅकला खांदा लावून उभे होते. म्हणाले, नजर कमी कशाला करायची, रॅकच हलवू. एवढं साधं! सहा जणांनी मिळून दोन हात मागे सरकवला. सर घामाघूम. मावशी त्यांना म्हणाल्या, साहेब, तुम्हाला पन लाइनीवर घेऊ आता.

मंगळवार, २७ जानेवारी

नवी तुकडी आली. अकरा जणी. अप्पाराव अजून शेजारून चालतायत, गुडघ्याला पट्टा बांधून. एका शब्दानं कुरकुर नाही. म्हणाले, भागूबाईला बघितल्यापासून बसून काम नको वाटतं.

शनिवार, ३१ जानेवारी

ट्रॉलीची नजर पूर्ण परत दिली. रॅकच्या वळणावर भागूबाई चाळीस वेळा बसली. चाळीस वेळा ट्रॉली थांबली. मग माणसं. पहिल्या सत्यभामा मावशी. मी म्हटलं, आधी मी. त्या म्हणाल्या, "तू बटनापाशी ऱ्हा. तुझा जीव भ्यालेला हाय, तू लवकर दाबशील." आणि पदर खोचून बसल्या, ट्रॉलीकडे पाठ करून. पाठ करून!

थांबली. मी बटण दाबायच्या आधी.

दिवसभरात नोंद: पुढे माणूस आल्यामुळे थांबली – त्रेपन्न वेळा. इतका सुंदर आकडा मी कधी लिहिला नव्हता.

सोमवार, २ फेब्रुवारी

कागद तीन वेळा वाचला. अब्बांसारखा, वरून खाली. "तपासणीत सहभाग" या ओळीत मॅडमच्या हातचं: श्रीमती सत्यभामा, लाइन क्रमांक दोन. सही केली. शाई वाळेपर्यंत बघत बसले.

बुधवार, ४ फेब्रुवारी

ट्रॉली कालपासून एकटी. अप्पाराव स्टोअरच्या दारात खुर्ची टाकून बसतात, तोंड शॉपकडे.

आज साडेअकराला रॅकजवळ वॉशर सांडले. नव्या तुकडीतली तनुजा, पाचोडची, एकोणीस वर्षांची, उकिडवी बसून वेचायला लागली. ट्रॉली वळणावर आली. मी वीस पावलांवर होते. ट्रॉली मंद झाली. मग थांबली, तिच्या वेणीपासून दोन हातांवर. तनुजानं वर पाहिलंसुद्धा नाही. एकेक वॉशर वेचला, ओंजळीत घेतला, उठली, शेजारणीशी काहीतरी बोलत निघून गेली. ट्रॉली पुढे चालू लागली.

तिला काही कळलंच नाही. कळायचं कारणच नव्हतं. मी संडासात जाऊन रडले.

मावशींनी लांबून पाहिलं होतं. परत आले तर एवढंच म्हणाल्या, "टोणगं शानं झालं की."

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सकाळी अब्बांना सगळं सांगितलं. माझं तात्पुरतं, भागूबाई, तनुजाची वेणी. शेवटी म्हटलं, साठाव्या दिवशीच सही केली असती तर त्या जल्दीवाल्यात आणि माझ्यात काय फरक राहिला असता? त्याला एकदा आणून दाखवायला पाहिजे होतं, सही कशी करतात ते.

अब्बांनी कप खाली ठेवला. आठ बोटं गुडघ्यांवर पसरली, मोजायला शिकवताना पसरायचे तशी.

"वो जल्दीवाला मैंच था, बेटा."